बांगडीचं माप सव्वादोन, हातमोज्याचं काय?

प्रश्न : गच्चीवर माझे तीसेक गुलाब आहेत. हातमोजे घातले की कात्री नीट धरता येत नाही, आणि काढले की काटे लागतात. आतापर्यंत तीन जोड आणले, तिन्हींच्या बोटांची टोकं रिकामी लोंबतात. दुकानदार म्हणतो, फ्री साइज आहे, सगळ्यांना होतो. दुसरं असं, की निफाड तालुक्यात आमची घरची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पेस्ट लावायला बायका येतात. त्यांना आम्ही दरवर्षी हातमोजे देतो, पण चहाच्या सुट्टीपर्यंत ते बांधावर पडलेले असतात. त्यांना समजवायचं कसं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, तुम्ही दोन प्रश्न म्हणून लिहिलंय, पण तो एकच आहे. जो मोजा तुमच्या हातात सैल होतो तोच त्या बायकांच्या हातातही सैल होतो. तुम्ही तो गच्चीच्या कठड्यावर काढून ठेवता, त्या बांधावर. तेव्हा त्यांना समजवायच्या आधी त्यांचे हात मोजा.

बाईच्या हाताचं माप आपल्याकडे कुणाला कळत नाही असं थोडंच आहे? कासाराकडे जाऊन बसलं की तो हात हातात घेतो, अंगठा आत दुमडतो, सांधे जरा दाबून पाहतो आणि सांगून मोकळा होतो, सव्वादोन. सव्वादोन म्हणजे बांगडीचा आतला व्यास दोन इंच आणि चार सोळांश. त्यापुढे दोन-सहा, मग अडीच. इंचाच्या आठव्या हिश्शाइतकी पायरी, आणि तेवढ्या फरकानेसुद्धा बांगडी अडते किंवा घरंगळते हे दोघांनाही माहीत असतं. काचेच्या डझनभर बांगड्यांसाठी आपण इतकं नेमकं माप घेतो. तोच हात काटे, माती आणि औषध हाताळायला निघाला की त्याच्यापुढे फ्री साइज टाकतो. मला हे फार खुपतं. द्राक्षबागेतलं हाताचं काम कोण करतं ते पाहा. फेलफुटी काढणं, शेंडे मारणं, विरळणी, घड औषधात बुडवणं, शेवटी देठ धरून घड तोडणं आणि पेटीत भरणं, यातलं बहुतेक काम बायकांच्या बोटांनी होतं.

कामाच्या हातमोज्यांना खरं तर नंबर असतात. सहा, सात, आठ असे अकरापर्यंत, आणि तो नंबर म्हणजे सरळ हाताच्या तळव्याचा घेर, इंचांत. सात नंबर म्हणजे घेर १७८ मिलिमीटर आणि हाताची लांबी १७१. आठ म्हणजे २०३ आणि १८२. नऊ म्हणजे २२९ आणि १९२. युरोपातल्या मापपद्धतीतले हे आकडे आहेत. आपल्याकडे कोलकात्यात चामड्याचे कामाचे हातमोजे शिवणारा मोठा निर्यात उद्योग आहे, तिथून परदेशी जाणारा माल याच नंबरांनी जातो. माझ्या पाहण्यात मात्र इथल्या दुकानातला फ्री साइज हा पुरुषाच्या नऊ-दहा नंबराच्याच आसपासचा निघतो. बऱ्याच बायकांचे हात सहा ते साडेसातमध्ये बसतात. माझाही साडेसहा आहे.

मोजायचं असं. ज्या हाताने कात्री धरता तो हात घ्या, बोटं जुळवा, अंगठा बाजूला ठेवा. बोटांच्या मुळाशी जे उंचवटे असतात त्यांच्याभोवती टेप फिरवा, घट्ट ओढू नका. टेप नसेल तर दोरा गुंडाळा आणि पट्टीवर मोजा. मग मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंतची लांबी घ्या. दोन्ही मापं एका नंबरात बसत नसतील तर मोठा नंबर निवडा. ऊन आणि काम यांनी हात जरा फुगतो, म्हणून सकाळी उठल्याउठल्या मोजू नका, काम आटोपल्यावर मोजा.

टेप, दोरा काहीच हाताशी नसेल तर बांगडीचा आधार घेता येतो. सव्वादोनच्या बांगडीचा आतला घेर सात इंचांच्या थोडा वर भरतो. ती अंगठा दुमडलेल्या हातावरून जाते, त्यामुळे अंगठा सोडून मोजलेला घेर त्याहून थोडा कमीच येतो. म्हणजे सव्वादोनवाल्या बाईला सात नंबर, क्वचित साडेसहा. अडीचवालीला साडेसात किंवा आठ. हा अंदाज आहे, पण फ्री साइजपेक्षा कितीतरी बरा. शिवाय त्या बायकांना "तुमच्या हाताचा घेर सांगा" म्हटलं तर त्या संकोचतात. "बांगडी किती नंबरची?" याचं उत्तर मात्र लगेच येतं.

नंबर जुळला तरी मोजा घालूनच पाहा. बोटांच्या मधल्या बेचक्या मोज्याच्या बेचक्यांना टेकल्या पाहिजेत. तिथे हवा राहिली की टोकाला कापड उरतंच, तुम्हाला लोंबणारी टोकं दिसतात ती त्यामुळे. मूठ मिटा. तळव्यावर चुणी पडली तर कात्रीच्या दांड्याखाली नेमका तिथेच फोड येणार. मोजा पाठीवर ताणला जाऊन बोटं आपोआप उघडायला लागली तर तो लहान आहे, आणि असा मोजा घालून तासभर काम केलं की पंजा भरून येतो. मग दुकानाच्या फरशीवर तुरीची डाळ नाहीतर टाचणी टाका आणि मोज्यासकट उचला. दुकानदार हसला तर हसू द्या. आपली कात्री पिशवीतून नेली तर उत्तमच. तिची कडी मोज्याच्या अंगठ्याने उघडता येते का, हे घरी आल्यावर कळून काय उपयोग?

आता गुलाबाचं. मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. आज दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीच्या बाजूला पॉलिहाउसमधून गुलाब निघतात, आणि शहरात फारशी गच्ची अशी नाही जिथे एखादी गुलाबाची कुंडी नसेल. गुलाबाला दोन प्रकारचे मोजे लागतात, एकात भागत नाही. रोजची कामं म्हणजे कळ्या खुडणं, वाळलेली फुलं काढणं, कुंडीतली माती हलवणं. त्याला विणलेला मोजा घ्या, तळव्याला आणि बोटांना नायट्राइलचा लेप दिलेला, पाठ उघडी विणीची. पाठीतून वारा लागतो, लेपामुळे पकड राहते आणि बोटांना जाणवतं. मात्र गुलाबाचा काटा या लेपातून आत येतो. तो फक्त ओरखडे थांबवतो, हे धरून चाला.

वार्षिक छाटणीला, किंवा बोगनवेल आवरायला, चामड्याचा मोजा हवा, आणि तो मनगटाच्या पुढे निम्म्या हातापर्यंत येणारा. आपल्याला काटे बोटांपेक्षा मनगटाच्या आतल्या बाजूला आणि हातावर जास्त लागतात, कारण हात झुडपात घालताना नाही, बाहेर काढताना ओरबाडतं. चामडं बकरीचं असेल तर हाताला लवकर वळण घेतं. वेल्डरचे जाड मोजे स्वस्त मिळतात म्हणून पुष्कळ जण तेच आणतात. त्यातून काटा जात नाही हे खरं, पण फांदीही हाताला लागत नाही, आणि मग माणूस नको तो डोळा कापतो. बागलाणातल्या, म्हणजे सटाण्याकडच्या डाळिंबवाल्यांना मात्र जाडच चामडं घ्यावं लागतं, डाळिंबाच्या काट्याशी नाजूकपणा चालत नाही.

चांगल्या मोज्यांच्या पाठीवर हातोड्याचं एक चित्र असतं, त्याच्याशी ईएन ३८८ असं लिहिलेलं आणि खाली चार आकडे. पहिला घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. आकडा मोठा तर मोजा पक्का. गुलाबासाठी नजर चौथ्या आकड्यावर ठेवायची. पण तिथेही एक गोष्ट लक्षात असू द्या. ही चाचणी पोलादाच्या बोथट टोकाच्या जाड सळईने करतात. सुईसारखा बारीक काटा त्यात मोजला जात नाही. चौथा आकडा चार असला तरी बाभळीचा काटा आत जाऊ शकतो.

काटा लागलाच तर? बहुतेक वेळा तो काढून साबणाने हात धुतला की संपतं. मला मात्र एकदा महागात पडलं. बोटाच्या सांध्यात गुलाबाचा काटा गेला, टोक आतच मोडलं, वरची जखम दोन दिवसांत मिटली. पंधरा दिवसांनी सांधा सुजला, बोट वाकेना. मी त्याला संधिवात समजत बसले. सांध्याच्या आवरणात काट्याचा कण राहिला की असं होतं. तो कण शोधून काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी सूज पुन्हा पुन्हा येते. तेव्हा सांध्याजवळ काटा लागून नंतर सूज आली, तर डॉक्टरांना काट्याची गोष्ट आधी सांगा. एरवी ती कुणी विचारत नाही. दुसरी खूण म्हणजे बरी न होणारी गाठ. माती, काटे आणि कुजका पालापाचोळा यांत स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असते. ती टोचणीतून आत शिरली तर आठवड्यांनी तिथे गाठ येते आणि मग हातावर वरच्या दिशेने एका ओळीत आणखी गाठी उठतात. आपल्या देशात हा आजार जास्त करून हिमालयाच्या पायथ्याकडे आढळतो, इकडे क्वचित. पण क्वचित असतो म्हणूनच ओळखायला उशीर होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं हे सांगायला नको. मधुमेह असेल तर साधी टोचणीसुद्धा अंगावर काढू नका.

आता तुमच्या बागेतल्या बायकांकडे येते. मला खरी काळजी इथली आहे.

नाशिकची थंडी द्राक्षाच्या वेलीला पुरेशी नाही, त्यामुळे छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटत नाहीत. ते फुटावेत म्हणून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. तुम्ही पेस्ट म्हणता ती हीच. बोळा किंवा स्पंज भिजवायचा आणि काडीवरच्या एकेका डोळ्याला लावत जायचं. हे औषध कातडीला भाजतं, चट्टे उठवतं. त्याहून वाईट म्हणजे ते अंगात गेलेलं असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, दम लागतो, माणूस कोसळूही शकतो. लावण्याच्या आदल्या दिवसापासून नंतरच्या दिवसापर्यंत दारूला स्पर्शही नको, हे फवारणी करणाऱ्या आणि पेस्ट लावणाऱ्या प्रत्येक गड्याला स्पष्ट सांगायला हवं. तिथे भीड बाळगू नका.

या कामाला सुती मोजा, चामडी मोजा किंवा पाठ विणीची असलेला मोजा देऊ नका. तो औषध पितो आणि दिवसभर कातडीशी धरून ठेवतो. ओल्या सुती मोज्यापेक्षा उघडा हात परवडला, तो निदान धुता येतो. प्लास्टिकची पिशवी मनगटाला बांधून काम भागवतात तेही तितकंच फसवं, ती फाटते कधी आणि आत जातं किती हे समजत नाही. हवा तो सबंध नायट्राइलचा मोजा, निम्म्या हातापर्यंत येणारा, साधारण एक तृतीयांश मिलिमीटर किंवा त्याहून जाड. दवाखान्यात वापरतात ते पातळ निळे मोजे या कामाचे नाहीत. अगदीच वेळ आली तर एकदा वापरून फेकायचे, धुऊन पुन्हा नाही. कीटकनाशकं हाताळणाऱ्यांच्या मोज्यांसाठी आयएसओ १८८८९ हे वेगळं मानक २०१९ पासून आहे. त्यात जी-वन, जी-टू आणि जीआर असे तीन वर्ग आहेत. मूळ घट्ट औषध ओतायला आणि कालवायला जी-टू लागतो. जीआर हा फवारणी झालेल्या बागेत नंतर विरळणी, तोडणी अशी कामं करणाऱ्यांसाठी असतो, त्यात संरक्षण फक्त तळव्याच्या बाजूला, पाठ मोकळी. फवारलेल्या बागेत दिवसभर हात घालणाऱ्या मजुराचा वेगळा विचार कुणीतरी केला याचं मला फार बरं वाटलं. नेहमी विचार होतो तो फवारणाऱ्याचाच. जोडावर हे मानक छापलेलं मिळालं तर घ्या. नसेल तर जाडी, लांबी आणि नायट्राइल या तीन गोष्टी पाहून घ्या.

आणि एक गोष्ट, जी मंडपाखाली उभं राहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. आपल्या बागा मंडपावर किंवा वाय आकाराच्या तारांवर. डोळे डोक्याच्या वर. बाई हात उंच करून पेस्ट लावते, थेंब मोज्यावरून ओघळतो आणि खाली, कोपराकडे येतो. मोजा बाहीच्या आत असेल तर थेंब मोज्याच्या बाहेरून येऊन बाहीत शिरतो आणि कापड भिजवतो. म्हणून हात वर करून करायच्या कामाला मोजा बाहीच्या वरून घालायचा आणि त्याची कड बाहेरच्या बाजूला बोटभर दुमडायची. त्या पन्हाळीत थेंब अडतो. वाकून जमिनीलगत फवारायचं असेल तर नेमकं उलटं, बाही मोज्याच्या वर. आपल्या बायका साडीवर पुरुषी फुल शर्ट घालून बागेत येतात, ती बाही इथे फार कामी येते. मग बांगड्या राहतात. आखूड मोजा बांगड्यांपाशी संपतो आणि मनगट उघडंच राहतं. ताठ कडेचा मोजा ओढला की काच फुटते. लांब, मऊ कडेचा मोजा असेल तर बांगड्या वर सरकवून, शर्टाच्या बाहीखाली घेऊन, वरून मोजा चढवता येतो. चुडा उतरवायला सांगण्याची वेळच येऊ नये. बाई तो उतरवणार नाही, आणि तुम्हीही तसं म्हणू नये.

मोजा घालून घाम येतो, ही तक्रार खरी आहे, तिला आळस म्हणू नका. नायट्राइलला वारा लागत नाही. तासाभरात बोटं पाण्यात भिजल्यासारखी होतात. आत पातळ सुती अस्तर घाला, पण ते रोज बदललं आणि धुतलं जाणार असेल तरच. एकीला दोन जोड द्या, एक वाळत असताना दुसरा हातात. चहाच्या सुट्टीला मोजा काढणं हे बरोबरच आहे, चूक होते ती काढण्याच्या पद्धतीत. आधी मोज्यासकट हात साबणाने धुवायचे, मग मोजा काढायचा, मग उघडे हात पुन्हा धुवायचे, मग चहा. बांधावर पाण्याचा ड्रम आणि साबण ठेवलेला नसेल तर हे होणार नाही. तो ठेवणं मालकाचं काम आहे. धुतलेले मोजे बोटं वर करून काठ्यांवर अडकवा, घरच्या धुण्यात टाकू नका. आठवड्यातून एकदा प्रत्येक मोज्यात पाणी भरून तोंड पिळून पाहा. ज्या बोटातून थेंब येईल तो मोजा कापून टाका, म्हणजे कुणी उचलून पुन्हा वापरणार नाही.

औषधाची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. पण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसेक माणसं दगावली, ती सगळी रोजचंच काम करत होती. औषध नाकातून जातं तसं कातडीतूनही जातं.

शल्यचिकित्सेतला रबरी मोजा कसा आला माहीत आहे? १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका शस्त्रक्रियागृहाचं काम पाहत होती. तेव्हा निर्जंतुक करायला पाऱ्याचं एक द्रावण वापरत, त्याने तिचे हात आणि बाहू सोलवटले. ती काम सोडायच्या बेतात आली. तिथले शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीला पातळ रबराचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे दोन जोड करून द्यायला सांगितलं. ते तिला जमले, मग इतरांनीही मागितले. रोग्याला जंतूंपासून वाचवणारा मोजा अशी त्याची ओळख पुढे झाली. सुरुवात झाली ती रसायनाने भाजणाऱ्या एका बाईचे हात वाचवण्यासाठी, आणि कुणीतरी तिच्याकरता मुद्दाम जोड करून मागवला म्हणून.

तर ताई, या ऑक्टोबरच्या आधी बायकांच्या बांगड्यांचे नंबर वहीत लिहून घ्या. कृषी सेवा केंद्रात सहा-सात नंबर सहसा नसतात. सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीच्या आसपास कारखान्यांना सुरक्षा साहित्य पुरवणारी दुकानं आहेत, तिथे नंबर सांगून मागवता येतात, मात्र डझनाने घ्यावे लागतात. शेजारच्या दोन बागाईतदारांना बरोबर घेतलंत तर डझन संपायला वेळ लागत नाही.

प्रश्न : भांडी घासायचे रबरी हातमोजे बागेत चालतील का? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : शेणखत कालवायला, ओल्या मातीत हात घालायला, शेवाळलेल्या कुंड्या घासायला चालतील. काट्यांना चालणार नाहीत, औषधाला नाहीत. पातळ नैसर्गिक रबर अनेक औषधांना आणि तेलकट द्रावणांना फार वेळ अडवत नाही. आणि एकदा बागेत नेलेला जोड परत मोरीत आणू नका. काहींना रबरानेच खाज सुटते, मोज्याच्या आकाराचा लालपणा दिसतो, त्यांनी नायट्राइल घ्यावा.

नाजूक कामाला मी स्वतः मोजे काढून ठेवते, हेही सांगून टाकते. बी पेरणं, बोटाएवढं रोप ट्रेमधून उचलून वाफ्यात लावणं, याला उघडं बोटच लागतं. मातीत औषध टाकलेलं नाही आणि बोटाला चीर नाही एवढं पाहायचं, नंतर हात धुवायचे.

प्रश्न : शेताच्या बांधावरचं काँग्रेस गवत उपटल्यावर हातांना आणि मानेलाही चट्टे उठतात. हातमोजे घालून फरक पडेल? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : हातांना पडेल, मानेला पडणार नाही. गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणजे पार्थेनियम. ते आपल्याकडे प्रथम नजरेत आलं ते १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात, आणि पुढच्या काही वर्षांतच त्याने उठणाऱ्या चट्ट्यांचे रुग्ण पुण्यातल्या डॉक्टरांकडे यायला लागले. त्याच्या अंगावरच्या बारीक लवेत आणि परागात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. वाळलेल्या झाडाचा भुगा आणि पराग वाऱ्याने उडून मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आतल्या घडीत बसतो. म्हणून हे गवत फुलावर येण्याआधी, पावसाने माती ओली असताना उपटा. हातात कोपरापर्यंतचे मोजे, अंगात पूर्ण बाह्या, तोंडाला आणि मानेला रुमाल हवा. काम झालं की कपडे आणि मोजे दोन्ही धुवा. एकदा चट्टे उठले की पुढच्या वेळी थोड्या स्पर्शानेही उठतात, तेव्हा तुमच्या घरी हे काम आता दुसऱ्या कुणी करावं. चट्टे बरे होत नसतील तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, कडुनिंबाचा पाला चोळत बसू नका.

प्रश्न : कडबाकुट्टीत वैरण घालताना हातमोजे घालावेत का? (एक वाचक, येवला)

उत्तर : नाही. फिरणाऱ्या कुठल्याही यंत्राजवळ मोजा घालू नका. कडबाकुट्टी, ड्रिल, ट्रॅक्टरचा फिरता दांडा, पट्टा, सगळ्यांना हेच लागू. सैल बोट किंवा सुटलेला दोरा यंत्रात सापडला तर मोजा फाटून हात सुटत नाही, मोजा हाताला ओढत नेतो. तिथे लाकडी ढकलणीने वैरण लोटा, यंत्राच्या तोंडावर जाळी किंवा आच्छादन असू द्या, बाह्या दुमडा, पदर खोचा, आणि बंद करायचं बटण हाताच्या पल्ल्यात असू द्या.

प्रश्न : आमच्या गटात बारा जणी आहेत. सगळ्यांचे मोजे एकसारखे दिसतात, संध्याकाळी कुणाचा कुणाला जातो. काय करावं? (एक वाचक, दिंडोरी)

उत्तर : मोज्याच्या कडेला रंगीत दोऱ्याचे दोन टाके घाला, मात्र कडेच्या अगदी टोकाला, जिथे भोक पडलं तरी थेंब पोचत नाही. सहा नंबरला हिरवा, साडेसहाला पिवळा, सातला लाल असं नंबरावर रंग ठरवा, आणि आत न पुसणाऱ्या शाईने नाव लिहा. वाळत घालायची काठीही नंबरानुसार वेगळी ठेवा. डाव्या-उजव्याची ताटातूट होऊ नये म्हणून दोन्ही एका चिमट्यात अडकवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडपाखाली उभं राहून, कुणाचा मोजा कुठे म्हणून शोधावं लागणार नाही.